गवताला मुळं दोनदा फुटतात: माळावरचं गवत बाल्कनीत बियापासून कसं वाढवायचं

मुंबईत गवत लावायचं म्हटलं की बहुतेकजण नर्सरीतून कार्पेट लॉनचे चौकोनी तुकडे उचलून आणतात, पावसाळाभर ते छान दिसतं, आणि मे महिन्यात पिवळं पडलं की उपटून फेकतात. त्या लॉनबद्दल मला काही बोलायचं नाहीये. हे लिहितेय ते आपल्या माळावरच्या आणि डोंगरउतारावरच्या गवतांबद्दल, म्हणजे मारवेल, डोंगरी, पवना, कुसळी वगैरे, जी पावसाळ्यात कर्जत-कसारा लाइनवर गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना दिसतात आणि दिवाळीनंतर वाळून सोनेरी होतात. ही गवतं बियापासून घरी लावता येतात, आणि पारदर्शक बाटलीत लावली तर मुळं खाली कशी जातात तेही रोजच्या रोज बघता येतं. मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टला तर एकदम भारी.

फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बी उगवून हिरवी काडी वर आली म्हणजे गवत जगलं असं नाही. गवताला मुळं दोनदा फुटतात. पहिलं मूळ बियातून येतं, ते सरळ खाली जातं आणि सुरुवातीचे काही आठवडे रोपाला पाणी पुरवतं. दुसरी मुळं येतात ती रोपाच्या बुडाशी, मातीच्या अगदी वरच्या थरात जे पेर असतं तिथून, आणि पुढे आयुष्यभर गवत ह्याच मुळांवर उभं असतं. ही दुसरी मुळं फुटली नाहीत किंवा फुटून सुकली तर रोप हिरवंगार दिसत असतानाही आतून संपलेलं असतं. मग एक दिवस सकाळी ते मान टाकतं आणि आपण म्हणतो की काल तर चांगलं होतं, पाणी पण घातलं होतं.

बी कुठून, कुठलं

मारवेलपासून सुरुवात करा असं मी म्हणेन, ते सगळ्यात समजूतदार गवत. कुसळीचं बी म्हणजे ते मोज्यात घुसणारं, टोकदार, लांब शेपटीचं. ती शेपटी म्हणजे कुसळ, ओली झाली की उलगडते आणि सुकली की परत पिळली जाते, आणि ह्या पिळण्या-उलगडण्यात बी स्वतःला मातीत ड्रिल करत खाली नेतं. बघायला फार मजा येते, ओल्या टिश्यूवर एक बी ठेवा आणि कुसळ कशी हळूहळू फिरते बघा, पण घरात कुत्रा-मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुसळीच्या नादाला लागू नका, ते टोक कातडीत शिरतं आणि मागचे केस उलटे असल्याने सहज बाहेर येत नाही.

बी गोळा करायचं ते ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, गवत वाळून दाणे सुटायला लागले की. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये कान्हेरीच्या वाटेवर गवत मस्त असतं, पण तिथून काहीही उपटून किंवा तोडून आणायचं नाही, संरक्षित जंगल आहे, परवानगीशिवाय गुन्हा होतो. बदलापूर, कर्जत, मुरबाडकडे कुणाची वरकस (उताराची, हलकी) जमीन ओळखीची असेल तर मालकाला विचारून दोन मुठी आणा, कुणी नाही म्हणत नाही. आणि दिसेल ते गवत म्हणजे आपलंच असं समजू नका. गोरेगावच्या आरे कॉलनीत आणि तबेल्यांच्या आसपास ओल्या जागी जे जाड, लोळणारं गवत दिसतं ते बहुतेक पॅरागवत, बाहेरून चाऱ्यासाठी आणलेलं. गिनी गवत, नेपियर हीसुद्धा आफ्रिकेकडची. ती भराभर वाढतात म्हणून लोकांना आवडतात, पण आपल्याला ती नकोत.

आता बियातली मोठी फसवणूक. माळाच्या गवताचं मूठभर बी दिसतं तेव्हा त्यातले खूपसे दाणे नुसतं तूस असतात, आत काही नाही. दोन बोटांत चोळा, आत कडक दाणा लागतो का बघा, किंवा मोबाइलच्या टॉर्चवर धरा, भरलेला दाणा आत काळसर ठिपक्यासारखा दिसतो. पाण्यात टाकून तरंगतं ते पोकळ हा धान्याचा नियम इथे चालत नाही, कारण केसाळ तुसात हवा अडकते आणि चांगलं बीसुद्धा तरंगतं.

दुसरं म्हणजे ताजं बी बऱ्याचदा उगवतच नाही, झोपलेलं असतं. नोव्हेंबरात गोळा करून लगेच पेरलं तर दोन-चार येतील, बाकी ढिम्म. ह्यात निसर्गाचा हिशोब सरळ आहे, डिसेंबरात एखादी अवकाळी सर पडली आणि सगळं बी उगवलं तर पुढे सहा महिने पाऊस नाही, सगळं मरणार. म्हणून बी कोरडं ठेवून पावसाळ्यापर्यंत थांबायचं, तोवर झोप आपोआप उतरते. कागदी पाकिटात भरून, पाकीट स्टीलच्या घट्ट डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा कपाटात. फ्रिजची गरज नाही, आणि बाथरूमशेजारच्या भिंतीवरच्या कपाटात तर अजिबात नको, मुंबईच्या दमटपणात बी बुरशी धरतं.

मे संपता संपता एकदा उगवण तपासून घ्या. जेवणाच्या डब्यात दोन पदरी टिश्यू, ओला करून निथळलेला, त्यावर पन्नास दाणे, झाकण किंचित उघडं, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही. मुंबईचं तेव्हाचं तापमान ह्या गवतांना अगदी मानवतं, ही उन्हाळी गवतं आहेत, २५ ते ३५ डिग्रीत खूश असतात. दहा दिवसांत किती मोड आले ते मोजा. गहू-हरभऱ्यासारखे नव्वद टक्के येणार नाहीत, पन्नासातले दहा-पंधरा आले तरी नाराज होऊ नका, पेरताना बी तेवढं जास्त टाकायचं एवढंच.

बाटली

दोन लिटरची पाण्याची बाटली घ्या, सरळ अंगाची, कोल्ड्रिंकची कमरेत वळलेली नको. वरचा गळ्याचा भाग कापून टाका, बुडाला जाड सुईने पाच-सहा भोकं पाडा. माती म्हणजे नर्सरीत मिळते ती लाल माती आणि धुतलेली रेती साधारण निम्मी-निम्मी, त्यात मूठभर जुनं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि सगळं चाळणीतून चाळून. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका, त्यात मुळं दिसायला छान दिसतात पण माळाच्या गवताला इतकं मऊ, इतकं ओलं अंथरूण खऱ्या आयुष्यात कधी मिळत नाही आणि पाण्याचा अंदाजही चुकतो. बांधकामावरची क्रश सँड असेल तर तीन-चार पाण्यात धुवा, तिची पूड बसून माती सिमेंटसारखी होते. आणि चौपाटीची वाळू फुकट आहे म्हणून आणू नका, खारट असते.

माती भरताना थोडी थोडी भरून बाटली जमिनीवर आपटत बसवा, नाहीतर मध्ये पोकळ्या राहतात आणि मूळ तिथे जाऊन अडकतं. भरून झाली की बाहेरून काळा कागद किंवा काळी पिशवी गुंडाळा, टेपने अशी लावा की उघडबंद करता येईल. मुळं उजेडाला बिचकतात, शिवाय उजेडात बाटलीच्या आतून हिरवं शेवाळ धरतं आणि मग काहीच दिसत नाही. आता महत्त्वाचं म्हणजे बाटली सरळ उभी न ठेवता एका बाजूला कलती ठेवायची, उभ्यापासून तीस-पस्तीस अंश, विटेला टेकवून. मुळं गुरुत्वाकर्षणाने खाली ओढ घेतात, म्हणून कलत्या बाटलीत ती खालच्या बाजूच्या प्लास्टिकला चिकटून धावतात आणि डोळ्यांना दिसतात. सरळ ठेवली तर सगळी मजा मातीच्या पोटात.

एकच बाटली करू नका. निदान चार करा, कारण खरी गंमत तुलनेत आहे, कुठल्या चार ते खाली येतंच. आणि मारवेलचं बी हाताशी नसेल तोवर किराणा दुकानातली अख्खी बाजरी किंवा ज्वारी घेऊन रंगीत तालीम करा. मारवेल, डोंगरी, पवना, कुसळी ही सगळी ज्वारी, मका आणि उसाच्या भावकीतली गवतं आहेत, रोपाची जडणघडण जवळजवळ तीच, फक्त ज्वारीचा दाणा मोठा असल्याने सगळं ठळक दिसतं आणि लवकर होतं.

किती खोल

अर्धा ते एक सेंटीमीटर, बस्स. इवलासा दाणा, त्यात साठवलेली शिदोरी इवलीशीच, तीन सेंटीमीटर खालून वर यायला लावलं तर बऱ्याचदा रस्त्यातच संपते. पेरून वर चिमूटभर रेती भुरभुरा आणि हाताने हलकं दाबा, बी आणि माती एकमेकांना चिकटलेली हवीत.

पण एका बाटलीत मुद्दाम तीन सेंटीमीटर खोल पेरा, शक्यतो ज्वारी, आणि प्लास्टिकला लागून, म्हणजे दिसेल. इथे जे होतं ते प्रत्येकाने एकदा बघण्यासारखं आहे. दाण्यातून वरच्या बाजूला आधी एक पांढरा, बारीक, दोऱ्यासारखा दांडा लांबत जातो, त्याच्या टोकावर टोपी घातलेला कोंब. हा दांडा कोंबाला उचलून वर नेतो, आणि कोंबाच्या टोकाला उजेड लागला की दांडा लांबणं थांबवतो. म्हणजे बी तीन सेंटीमीटरवर पेरा नाहीतर एकवर, दांडा आणि कोंब जिथे जुळतात ते पेर मातीच्या पृष्ठभागाजवळच येऊन थांबतं. गवताचं पुढचं बूड हेच, फुटवे (बुडातून निघणाऱ्या नव्या काड्या) इथून आणि दुसरी मुळंही इथूनच.

घटस्थापनेला आपण परडीत धान्य पेरतो तेव्हा ह्यातलं अर्धं सगळ्यांनी बघितलेलं असतं. देवघराच्या अंधारात कोंब पिवळेधमक आणि लांबलचक होतात ते उजेड नसल्यामुळेच, थांबा म्हणणारं कुणी नसतं. यंदा विसर्जनाच्या आधी एक गव्हाचं आणि एक बाजरीचं रोप अलगद काढून धुवून बघा, गव्हाला दाण्यातूनच तीन, चार, पाच मुळं एकदम आलेली असतात आणि बाजरीला एकच. आपली माळाची गवतं बाजरीच्या बाजूची. थंडीतल्या गव्हाला सुरुवातीलाच मुळांचा जुडगा मिळतो, ह्यांना मात्र एका दोरीवर लटकायचं असतं.

पहिले पंधरा दिवस

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दाण्याच्या टोकाला पांढरा फुगवटा आणि त्यातून मूळ. मूळ नेहमी आधी, कोंब नंतर. एक-दोन दिवसांत कोंब वर येतो, टोपी फुटून पहिलं पान बाहेर पडतं. ह्या काळात खाली मूळ वरच्या पानापेक्षा कितीतरी पुढे असतं, वर दोन सेंटीमीटरची काडी आणि खाली बोटभर मूळ अशी स्थिती असते, त्यामुळे वर काहीच होत नाहीये म्हणून खत घालायला धावू नका. टोकाच्या थोडं मागे मुळावर पांढरी लव दिसेल, त्या मूलरोमांनीच पाणी ओढलं जातं आणि मातीचे कण त्यांना चिकटून मूळ धुळीत लोळल्यासारखं दिसतं, ते नॉर्मल आहे, बुरशी नाही. बुरशी असेल तर ती मुळाला सोडून मातीवरही जाळ्यासारखी पसरलेली दिसते.

रोज एकाच वेळी काळा कागद उघडा, मूळ जिथवर पोचलंय तिथे बाटलीवर परमनंट मार्करने रेघ मारा, वेगवेगळ्या दिवसांना वेगळा रंग. बाजूला कागदी पट्टी चिकटवून मोबाइलने फोटो. दोन मिनिटांत उरकून कागद परत.

पाणी ह्या दिवसांत स्प्रे बाटलीने, थोडं थोडं. मुंबईच्या जून-जुलैत हवाच इतकी ओली की जास्तीचं पाणी म्हणजे रोपं बुडाशी काळी पडून कोलमडणार. फार दाट पेरलं असेल तर कात्रीने विरळ करा, उपटू नका, शेजारच्याचं मूळ निघतं.

आता खरी परीक्षा

साधारण तिसऱ्या आठवड्याकडे, रोपाला तीन-चार पानं झाली की बुडाकडे बारीक लक्ष ठेवा. मातीच्या पृष्ठभागाला लागून पेरातून पांढरे, जाडसर खुंट बाहेर येताना दिसतील. हीच दुसरी मुळं. पहिल्या मुळापेक्षा स्पष्ट जाड असतात आणि आधी आडवी-तिरकी निघून मग खाली वळतात. खुंट बाहेर पडला पण पुढची माती कोरडी असेल तर तो तिथेच थांबतो, टोक तपकिरी होऊन सुकतं. मूळ कोरड्या मातीत घुसत नाही हो, खाली चार इंचावर भरपूर ओल असली तरी वरच्या एक-दोन सेंटीमीटरमधल्या ह्या नव्या मुळाला तिचा काही उपयोग नाही, कारण ते अजून तिथवर पोचलेलंच नाही.

आणि तोवर पानं वाढत असतात. पानं वाढली की पाण्याची मागणी वाढली, आणि सगळं पाणी येणार त्या एका मुळातून आणि त्या दोऱ्यासारख्या दांड्यातून, म्हणजे एका शहाळ्यात एकच बारीक स्ट्रॉ आणि पिणारे रोज वाढताहेत. अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्समध्ये ब्लू ग्रामा नावाचं छोटं गवत आहे, तिथल्या कोरड्या कुरणांवर ते पेरून पेरून जगत का नाही ह्याचा छडा तिथल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात लावला, तो नेमका हाच निघाला. रोपं उगवत होती, दीड-दोन महिने जगत होती आणि मग मरत होती, खालच्या मातीत पाणी असूनही, कारण त्या बारीक दांड्यातल्या नळ्या वाढलेल्या पानांना पुरेसं पाणी पोचवूच शकत नव्हत्या. दुसरी मुळं धरायला त्या गवताला सलग दोन-चार दिवस पृष्ठभाग ओला मिळावा लागतो, आणि त्या कोरड्या प्रदेशात तसे दिवस योग्य वेळी मिळणं कठीण.

मुंबईत कुठे आलाय कोरडा प्रदेश, असं म्हणाल. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खरंय. पण जूनमधला पाऊस आठवा. ११ जूनच्या आसपास मान्सून येतो, दोन दिवस धो धो, ट्रेन बंद, आणि मग मध्येच कधीतरी पाऊस ओढ देतो, आठ-दहा दिवस कडक ऊन. पहिल्या पावसावर उगवलेलं रोप ह्या उघडिपीत बरोबर दुसऱ्या मुळांच्या वयात सापडतं. डोंगराच्या उतारावर, पातळ मातीवर, टेरेसच्या उथळ ट्रेमध्ये वरचा थर एका दुपारीत सुकतो. म्हणूनच सोसायटीच्या मागच्या उतारावर जूनमध्ये हिरवी लव दिसते आणि जुलैत त्यातली निम्मी गायब असते.

ह्यावरून पाणी देण्याची रीत ठरते, आणि ती प्रत्येक टप्प्यात वेगळी आहे. उगवेपर्यंत वरचा थर कायम दमट. पहिली दोन पानं आली की जरा हात आखडता, वाफसा येऊ द्या (माती ओलसर पण चिकचिकीत नाही), म्हणजे पहिलं मूळ खाली ओल शोधत जाईल. मग तिसऱ्या आठवड्यापासून पाचव्यापर्यंत परत वरचा थर सांभाळायचा, बोट लावलं की ओलसर लागली पाहिजे माती, आणि ह्या काळात पावसाने दडी मारली तर सकाळ-संध्याकाळ स्प्रे. इथे वाळक्या गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा पातळ थर अंथरला तर फार फरक पडतो. जाड नको, कोंब गुदमरतात. दुसरी मुळं चार-पाच झाली आणि बोटभर खाली गेली की पाणी कमी, पण एकदा द्याल तेव्हा भरपूर. रोज थोडं थोडं शिंपडत राहिलात तर मुळं वरतीच घुटमळतात आणि मेमध्ये भाजून निघतात.

आता त्या चार बाटल्या. एक वर सांगितल्याप्रमाणे, रीतसर. दुसरी खोल पेरलेली. तिसऱ्या बाटलीला दोन पानांनंतर फक्त खालून पाणी, म्हणजे बूड ताटलीतल्या पाण्यात आणि वरचा थर कोरडा, ही बाटली पावसाच्या थेंबांपासून लांब ठेवा. चौथी सावलीत, घरात आतल्या बाजूला. महिन्याभराने तिसऱ्या बाटलीतलं रोप बोटाने हळूच हलवा, ते बुडाशी लटपटतं, एका दोऱ्यावर डोलत असतं. पहिल्यातलं हलवा, घट्ट. माळावरसुद्धा हीच परीक्षा, पान धरून हळू ओढायचं, पान तुटलं आणि रोप जागेवर राहिलं तर मुळं धरली, अख्खं रोप हातात आलं तर नाही.

चौथ्या बाटलीतलं रोप उंच दिसेल, घरातले म्हणतील हेच चांगलं आलंय. काढून धुवून बघा, मुळं नावापुरती. सावलीत गवत सगळा माल वर खर्च करतं. ह्या गवतांना रोज पाच-सहा तास ऊन लागतंच, त्यामुळे समोर वीस मजली टॉवर असलेल्या उत्तरेच्या खिडकीत हा उद्योग करू नका, टेरेसची किल्ली मागा सेक्रेटरीकडे. आणि ह्याच कारणासाठी उघड्या गवताळ उतारावर जुलैत वृक्षारोपणाचे बॅनर लावून खड्डे खणणाऱ्यांचा मला राग येतो, गवताळ जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, आणि झाडांच्या दाट सावलीत मारवेल टिकत नाही.

मुळं धुवायची कशी

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकेक बाटली कापून बघा. बाटली उभी चिरून, मातीचा गोळा अख्खा बादलीत अर्धा तास भिजत ठेवा, मग चहाच्या गाळणीवर धरून हळू धारेखाली माती जाऊ द्या. घाईत ओढलं की बारीक मुळं तुटून जातात आणि मग मोजमाप खोटं. पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात रोप तरंगवा, मुळं आपोआप पसरतात, शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो. बुडाच्या पेरातून आलेली मुळं वेगळी मोजा, त्यातली किती जिवंत पांढरी आणि किती सुकलेले खुंट. वजन करायचं असेल तर बुडाशी कापून मुळं आणि पानं वेगळी, वर्तमानपत्रात आठवडाभर वाळवून. पण स्वयंपाकघरातला काटा ह्याला चालणार नाही, छोटा सोनाराचा काटा लागतो, नाहीतर पाच-दहा रोपं एकत्र करून तोला. मला विचाराल तर वजनापेक्षा त्या खुंटांची मोजणी जास्त सांगून जाते.

कापणी आणि बाहेर लावणं

रोप छान दिसायला लागलं की कात्री चालवायचा मोह होतो, लॉनची सवय. दुसरी मुळं धरल्याशिवाय पात्याला हात नको. नंतरसुद्धा एका वेळी अर्ध्यापेक्षा कमीच कापा. १९५५ मध्ये क्रायडर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने गवतं वेगवेगळ्या प्रमाणात छाटून खाली मुळांचं काय होतं ते मोजलं होतं, चाळीस टक्क्यांपर्यंत पाला काढला तर मुळांची वाढ थांबली नाही, ऐंशी टक्के काढला तेव्हा मुळं वाढायची पूर्णच थांबली, काही दिवस तशीच ठप्प. वर बोडकं केलेलं गवत वरून लगेच हिरवं होतं म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही, पण ते हिरवं मुळांच्या जिवावर आलेलं असतं. गुरं सोडलेल्या माळाची हीच कथा.

कुंडीतून जमिनीत लावायचं असेल तर जुलैचा मधला काळ चांगला, आर्द्रा बरसून झालेली, माती खोलवर भिजलेली आणि उघडिपी लहान. रोप बुडाच्या पेरापर्यंतच गाडा, पेर मातीच्या किंचित खाली, जास्त खोल पुरलं तर फुटवे येत नाहीत आणि उघडं राहिलं तर नवी मुळं हवेत सुकतात. उतारावर असेल तर खालच्या बाजूला मातीचा छोटा बांध, म्हणजे एका जोराच्या सरीत रोप वाहून खाली गटारात जाणार नाही. ऑगस्टनंतर लावलं तर ऑक्टोबर हीटच्या आधी मुळं खाली जायला वेळच मिळत नाही, मग पुढच्या जूनपर्यंत थांबलेलं बरं.

आणि एवढी सगळी खटपट नको असेल, नुसतं गवत हवंय, तर मारवेलचे ठोंब, म्हणजे पेरं असलेले काडीचे तुकडे, मिळवा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल-०६-४० हा वाण शेतकरी चाऱ्यासाठी लावतात, कुणाकडून तरी चार-पाच ठोंब सहज मिळतात. दोन-तीन पेरांचा तुकडा, एक पेर मातीखाली, एक वर. ठोंबाला बियाचं मूळ नसतंच, जी येतात ती थेट पेरातली, म्हणजे हा सगळा तिसऱ्या आठवड्याचा धोका टळतो. फक्त पहिले पंधरा दिवस त्याचाही वरचा थर सुकू द्यायचा नाही.